जानेवारीचं शीड

“जानेवारीत हवंय,” फुमिए म्हणाली, आणि नुमाता मापं टिपता टिपता थांबला.

शिडं शिवणाऱ्याच्या कारखान्यात बूट बाहेर काढून जावं लागतं. तिथे सगळी जमीनच त्यांचं टेबल असते. मशीनं जमिनीतल्या खड्ड्यांत बसवलेली, शिवणाऱ्या बायका कमरेपर्यंत खड्ड्यात, आणि त्यांच्याभोवती पांढरं कापड पसरलेलं. नुमाता मोज्यांनिशी गुडघ्यांवर बसून आमच्या होडीच्या डोलकाठीची उंची लिहून घेत होता. ऑपरेशन झाल्यापासून मला फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून मी भिंतीला टेकून रॉकेलच्या शेगडीपाशी बसलो होतो. शेगडीवरची किटली चरचरत होती. मला बरं वाटत होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण त्यानंतर तसं बरं फारसं वाटलंच नाही.

“जानेवारीत? वहिनी, जानेवारीत हे कोण लावतं?” नुमाता हसला. “क्रूझिंग स्पिनेकर आहे हा. मागून मंद वारा यावा, हा फुग्यासारखा फुगावा, माणसानं पाय पसरून चहा प्यावा, असलं हे शीड. जानेवारीत आपल्याकडे उत्तरेचा वारा नाक-कान कापून हातात देतो. लोक आत्ता नोव्हेंबरात सांगून जातात ते मेच्या सुट्ट्यांसाठी. तुमचंही एप्रिलात देतो. हिवाळी सवलत आहेच.”

“सवलत राहू द्या. जानेवारीत द्या.”

सवलत राहू द्या! ही बाई बाजार उठायच्या वेळी मासळी घ्यायला जाते, कारण तेव्हा भाव उतरतो. आमच्या मुलीच्या लग्नात हॉलवाल्यानं हिच्यापुढे हात टेकले होते. आणि गेली दहा वर्षं मी स्पिनेकरचं नाव काढलं, की हिचं एकच उत्तर ठरलेलं: माणसं दोन, शिडं दोन, तिसरं कुणासाठी? तिचं चूक नव्हतं. आमची होडी मिउराच्या खाडीत बांधलेली असते, चोवीस फुटांची, आमच्यासारखीच वयस्क. ती दोन शिडांवर सुखानं चालते. पण मागच्या वाऱ्यात ती रेंगाळते, आणि अशा वेळी शेजारून कुणीतरी रंगीत शीड छातीसारखं पुढे काढून निघून गेलं, की मला दहा वर्षं वाईट वाटत आलं होतं. ते वाईट वाटणं मी गृहीत धरलं होतं. माणसाला एक न मिळालेली वस्तू लागते.

“कुरामोचीसाहेब, वहिनींना फार घाई दिसते,” नुमातानं मला डोळा घातला. “नवं शीड, नवा नवरा, असं काही आहे का?”

“नवरा जुनाच आहे,” फुमिए म्हणाली. “शीड तरी नवं येऊ दे.”

खड्ड्यांतल्या बायका खळखळून हसल्या. मीही हसलो, आणि टाके ओढले गेले म्हणून पोटावर हात धरला. नुमातानं मग आत जाऊन तो ज्याला मोजा म्हणतो ती वस्तू आणून दाखवली. कापडाची लांबच लांब नळी, तिला दोर. दोर ओढला की नळी वरून खाली येते आणि फुगलेलं शीड तिच्या पोटात जातं. दोघांनीच होडी चालवायची तर हा मोजा हवाच, तो म्हणाला. एक माणूस सुकाणूवर, एक पुढे नाळेवर. “पुढे कोण जाणार?”

“हेच की,” फुमिएनं माझ्याकडे हात केला. “आता अगदी ठणठणीत झालेत. अल्सर होता, काढून टाकला.” आणि ती कापडाचे नमुने बघायला लागली. तिनं पिकल्या पर्सिमन फळाच्या केशरी रंगाचा एक आणि पांढरा एक असे दोन बाजूला काढले. किंमत विचारली नाही.

मी वजनकाट्यांच्या कंपनीत तीस वर्षं काटे तपासले. काटा कुठे जातो ते कुणीही बघतं. माझं काम तो शून्यावर परत येतो की नाही हे बघायचं. परत न येणारा काटा किंचितच चुकतो, पण सारखा चुकतो. स्टेशनाकडे चालताना मला तसं काहीतरी वाटत होतं. रस्त्यावर गिंकोची पिवळी पानं चिखलात बसली होती. फुमिएनं गाडीवाल्याकडून भाजलेलं रताळं घेतलं, मोडलं, मोठा तुकडा मला दिला. एरवी मोठा तुकडा ती स्वतःकडे ठेवते आणि वर “तुम्हाला गोड चालत नाही” असं ऐकवते. मी खाल्लं. जानेवारी का? मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या हिशेब खात्यातल्या हामुराची बायको. हामुरा निवृत्त होऊन फुलांचा गुच्छ घेऊन घरी गेला, तर ही बाई पडवीत बॅग भरून बसलेली. म्हणाली, आता तुम्ही मोकळे, मीही मोकळी. सगळ्या ऑफिसात महिनाभर तोच विषय. मीही निवृत्त होणार होतो, येत्या मार्चअखेर. म्हणजे ही जाणार. जाण्याआधी नवऱ्याची जुनी हौस पुरवून, झाकपाक करून, ओटा पुसून जाणार. तसाच तिचा स्वभाव आहे. मला धक्का बसायला हवा होता, पण मला तिचा हेवाच वाटला. मी ट्रेनमध्ये तिच्या हातांकडे बघत बसलो. तिनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते, एकावर एक, नीट.

त्या संध्याकाळी आम्ही कोतात्सूखाली पाय घालून बसलो होतो. टेबलाखालच्या शेगडीची ऊब दुलईत धरलेली, टीव्हीवर सुमो, आवाज बारीक. ती सफरचंद सोलत होती. साल मध्ये न तुटता उतरत होती. “जरा खाऊन बघा, गोड आहे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज वाक्याच्या शेवटी जरासा वर गेला. अगदी जरासा. हा आवाज मी आधी ऐकला होता, पण माझ्यासाठी नव्हे. तिच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात, त्यांच्या खाटेशी. बारा-तेरा वर्षं झाली असतील. डॉक्टर अशा वेळी रोग्याला काही सांगत नाहीत. घरच्या माणसाला बाजूच्या खोलीत बोलावतात, दार लावतात, आणि मग घरच्या माणसानं ते ओझं पोटात घालून हसत बाहेर यायचं असतं. आमच्याकडे तशी रीतच आहे. फुमिए त्या खोलीतून बाहेर आली, तोंड धुतलं, आणि खाटेशी बसून सफरचंद सोललं. “अल्सरच आहे हो बाबा. गोड आहे, खाऊन बघा.” शेवटी आवाज जरासा वर. मी तिथे जावई म्हणून बसलो होतो, आणि माझ्या वाट्याचं वाक्य मी टाकलं होतं: “आमच्या साहेबांनाही होता अल्सर, आता गोल्फ खेळतात.” आमच्या साहेबांना काही झालेलं नव्हतं. त्या रात्री घरी येताना मला बायकोचा अभिमान वाटला होता. काय धीराची बाई, म्हणून.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये मला भेटायला आमच्या खात्यातला पोरगेला एंदो आला होता. कलिंगडाएवढा फळांचा करंडा आणला होता. म्हणाला, “माझ्या मामांनाही अल्सर होता साहेब. आता डोंगर चढतात.” मी म्हटलं होतं, वा.

सुमोचा निकाल लागला. कुणीतरी कुणालातरी वर्तुळाबाहेर ढकललं. मी सफरचंदाची फोड तोंडात धरून बसलो होतो आणि ती चावायची असते हे मला आठवत नव्हतं. हामुराच्या बायकोवर मी दुपारपासून किती आशा लावून बसलो होतो, ते मला तेव्हा कळलं. एप्रिलात मी नसणार होतो. बायको मला सोडून जाणार नव्हती. मीच जाणार होतो, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं: तिला, मुलीला, एंदोला, बहुधा नाक्यावरच्या भाजीवालीलासुद्धा. “गोड आहे ना?” फुमिएनं विचारलं. मी म्हटलं, “हो.” आता माझाही आवाज शेवटी वर गेला की काय, असं वाटून मी टीव्ही मोठा केला.

त्यानंतरचे आठवडे मी जे वागलो त्याला चांगलं म्हणता येणार नाही. विचारायचं धाडस नव्हतं, आणि न विचारता गप्प बसायचं मोठेपणही नव्हतं. मी बेत करायला लागलो. उन्हाळ्यात आतल्या समुद्रात जाऊ, म्हटलं, महिनाभर, बेटाबेटानं. “जाऊ या,” ती म्हणाली. इतक्या पटकन! पूर्वीची फुमिए असती तर तिनं मला वेडा ठरवून पेट्रोलचा हिशेब मांडला असता. मग मी म्हटलं, घराचं छप्पर पुढच्या वर्षी बदलू. “बदलू या.” नात पाच वर्षांची झाली की तिला पोहायला मी शिकवीन. इथे तिच्या हातातली कपबशी किणकिणली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची किळस आली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच केलं. तिच्या तोंडून एकदा तरी “नाही” काढायचं, एवढाच माझा उद्योग होता. ती मला एकही “नाही” देत नव्हती. एका घरात दोन माणसं इतकी गोड बोलत राहिली की घर थंड पडतं. ती रात्री न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसायची. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज असतो हे मी उशीत ऐकत असे, आणि उठून दार वाजवावं असं दर वेळी वाटे. मी वाजवलं नाही. दार उघडल्यावर दोघांनी तोंडं कशी करायची, हे मला माहीत नव्हतं.

नवं वर्ष आलं. होडीवर जाऊन आम्ही डोलकाठीला गवताचा पवित्र दोर बांधला, नाळेवर थोडी साके दारू ओतली. मुलगी-जावई आले, नात आली. नव्या वर्षाची तांदळाची चिकट मोची मला गिळवेना, तर सगळे एकदम टीव्हीकडे बघायला लागले. पँट पट्ट्यावर थांबेनाशी झाली होती. फुमिएनं पट्ट्याला आतून आणखी भोकं पाडून ठेवली. शेवटी नुमाताचा फोन आला: शीड तयार. “साहेब, तुमच्यासाठी बायकांनी सुट्टीत येऊन शिवलं,” तो म्हणाला. त्याच्याही आवाजात ते होतं. म्हणजे फुमिएनं त्यालाही सांगितलं होतं. त्याशिवाय जानेवारी कशी मिळेल? मी आभार मानले आणि फोन ठेवला.

निघालो त्या सकाळी खाडीतल्या दोरांवर दहिवर गोठलेलं होतं. दोर वाकत नव्हते, काठ्यांसारखे हातात येत होते. लोकरीचे दोन थर, वर रेनकोट, दोघांच्या कंबरेला गरम पुड्या बांधलेल्या, थर्मासात सातूचा चहा. हिवाळ्यातला आमचा समुद्र उन्हाळ्याहून स्वच्छ असतो. हवा कोरडी, पाणी काळंभोर निळं, पलीकडे फुजी पायथ्यापर्यंत पांढरा. आम्ही दोघं नेहमी थंडीतच जास्त जात आलो, कारण तेव्हा कुणी नसतं. बोटांची टोकं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि दुखायची थांबली की हात काखेत घालायचे, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी मी शिकवलेलं. उत्तरेचा वारा त्या दिवशी नावापुरता होता. खाडीबाहेर पडल्यावर मी होडीचं तोंड दक्षिणेला केलं, वारा बरोबर पाठीशी आला, आणि सुकाणू फुमिएकडे देऊन मी पुढे नाळेवर गेलो. दोनदा मध्ये बसावं लागलं. दोर बांधत असल्यासारखं करून बसलो. मग मोज्याचा दोर ओढला, नळी वर गेली, आणि ते उघडलं.

काय सांगू. एवढं मोठं काही आमच्या आयुष्यात याआधी नव्हतं. पर्सिमनचा तो रंग पांढऱ्या थंडीत असा उघडला, की मी मान वर करून उभाच राहिलो. आवाज नाही, धक्का नाही. म्हातारी होडी हलकेच उचलली गेली आणि चालू लागली. मी मागे येऊन सुकाणू घेतलं. फुमिए तोंड उघडं ठेवून वर बघत होती आणि तिच्या गालांवर त्या कापडाचा रंग पडला होता. “अगंबाई,” ती म्हणाली, “दहा वर्षं मी मूर्खासारखी नाही म्हणत राहिले.” हा आवाज खरा होता. मला वाटलं, आता विचारावं. मग वाटलं, हे एवढं चाललंय तर चालू दे. किनारा मागे बारीक होऊ दे. आम्ही चहा प्यायलो. आम्ही फार लांब गेलो. मागच्या वाऱ्यात जात असताना वारा कळत नाही, कारण तो अंगाला लागत नाही, आणि ही गोष्ट मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांना बजावत आलो आहे.

पाण्यावर पांढरे तुरे मला दिसले तेव्हा होडी शिट्टी घालायला लागली होती. मागे वळून पाहिलं तर उत्तरेचं पाणी काळं झालेलं. शीड आता फुगत नव्हतं, ओढत होतं. होडीचं नाक दाबलं जात होतं आणि सुकाणू माझ्या हातात थरथरत होतं. हे वर असताना आम्हाला वळता येणार नव्हतं, इंजिनाचा उपयोग नव्हता, आणि दक्षिणेला उघडा समुद्र होता. शीड उतरवायला हवं होतं, लगेच.

“अहो, ते मोज्याचं,” फुमिए म्हणाली. “तुम्ही जा, मी सुकाणू धरते.”

मी उठलो. पोटात ते आलं, गेले काही आठवडे येत होतं ते, आतून कुणी कापड पिळावं तसं. मी पुन्हा बसलो.

“जरा दम खाऊन जा,” ती म्हणाली. “अशक्तपणा आहे नुसता. अल्सरनंतर असतोच. डॉक्टर म्हणाले ना, वसंतापर्यंत—” आणि तिचा आवाज शेवटी वर गेला. वाऱ्यातही मला तो ऐकू आला. आणि मी पाहिलं, की ती सुकाणूकडे हात करून तशीच उभी आहे. मी पुढे जायलाच हवं, कारण मी ठणठणीत आहे. हे ठणठणीतपण आम्ही दोघांनी मिळून इतकं जपलं होतं, की त्यापायी आता ती मला त्या उड्या मारणाऱ्या नाळेवर पाठवणार होती आणि मी जाणार होतो. मी पडलो असतो. त्या पाण्यात माणूस फार वेळ टिकत नाही. मग एवढ्या मोठ्या शिडाखाली ती एकटी, ओशिमा बेटाच्याही पलीकडे.

“फुमिए,” मी म्हटलं, “माझ्यानं होणार नाही. मी मरायला टेकलोय, आणि तुला ते माहीत आहे.”

ती हसायला लागली. खरंच हसायला लागली, ते सवयीचं हसू. “काहीतरीच काय अभद्र—”

“वारा वाढतोय. पुढे जा. कंबरेचा दोर अडकव आणि बसून बसून जा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावरून सगळं उतरलं, आवाज, हसू, सफरचंद, सगळं, आणि खाली एक म्हातारी, दमलेली, भ्यालेली बाई होती जी मी नोव्हेंबरपासून पाहिली नव्हती. मग ती वळली, दोर अडकवला आणि रांगत पुढे गेली. मी होडी जराशी अशी फिरवली की नेहमीच्या शिडाच्या आडोशानं नव्या शिडाचा वारा तुटेल, आणि नव्याचा दोर सोडला. कापड फडफडून उठलं, बंदुकीसारखे बार. “ओढ!” मी ओरडलो. तिनं ओढलं. मोजा हातभर खाली आला आणि वाऱ्यानं तिला पायांसकट उचललं. मी किंचाळलो. ती खाली आली, गुडघ्यांवर, आणि दोर सोडला नव्हता. “ओढ, मूर्ख बाई, ओढ!” “ओढतेय ना!” ती माझ्यावर ओरडली, “दिसत नाही का? ओढतेय ना मेल्या!” आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर ती मोठ्यानं रडायला लागली आणि रडत रडत ओढत राहिली, आणि तो रंग वरून खाली हळूहळू त्या नळीत गेला, संपला.

मागे यायला तिला बराच वेळ लागला. मी होडी वळवून इंजिन लावलं होतं; आता वारा समोरून तोंडावर येत होता आणि पाण्याचे तुषार जॅकेटवर पडून गोठत होते. ती माझ्याशेजारी बसली. हातमोजे फाटले होते, तळवा सोलला होता. फुजी अजून तिथेच होता, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मग तिनं बोलायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता, समोर बघत, तिनं त्या बाजूच्या खोलीतलं सगळं सांगितलं: दार कुणी लावलं, डॉक्टर कुठला फोटो दाखवत होते, पोट उघडून तसंच परत कसं शिवलं, किती महिने म्हणाले. मुलीला फोनवर सांगताना ती स्टेशनाच्या कोपऱ्यात कशी उभी होती. मी सुकाणू धरून माझ्या मरणाची हकिकत ऐकत होतो, आणि मध्ये मध्ये “हं” म्हणत होतो, ती बाजारातून आल्यावर म्हणतो तसं. भीती वाटत होती. खूप भीती वाटत होती. पण ती आमच्या दोघांच्यात मावत होती.

खाडीचं तोंड दिसायला लागल्यावर ती थांबली, नाक पुसलं.

“दुखतंय का?” तिनं विचारलं. हे ती रोज विचारायची, सकाळ-संध्याकाळ, आणि मी रोज नाही म्हणायचो.

“दुखतंय,” मी म्हटलं.

“कुठं?” ती म्हणाली, आणि दातांनी ओढून तिनं फाटका हातमोजा काढला.